रात्रीचा दिवस होत नाही : पाळ्यांचे तक्ते लावणाऱ्यांना खुले पत्र

ज्यांच्या हातात पाळ्यांचा तक्ता आहे त्या सर्वांना,

स. न. वि. वि.

महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात तुमच्या टेबलावर चौकटींचा जो मोठा कागद पसरलेला असतो, किंवा हल्ली संगणकावर जी एक्सेलची शीट उघडलेली असते, तिच्याविषयी हे पत्र आहे. डावीकडे नावे, वर तारखा आणि प्रत्येक चौकटीत एक अक्षर : स, दु, रा, सु. सकाळ, दुपार, रात्र, सुट्टी. अकरा वर्षे मी या चौकटींत राहिलो आणि पुढची नऊ वर्षे मी त्या भरल्या. त्यामुळे तुमच्यावर तोंडसुख घ्यायला मी बाहेरून आलेलो नाही. पुढे ज्या चुका सांगणार आहे त्या सगळ्या मी पेन्सिल आणि खोडरबर जवळ घेऊन, शांत डोक्याने केलेल्या आहेत.

रात्रपाळी बंद करा, असे मी म्हणणार नाही. रुग्णालय, वीज, पाणी, रेल्वे, भट्ट्या यांना रात्र नसते; कोणीतरी जागे राहावेच लागणार. माझे म्हणणे तक्त्यातल्या अक्षरांच्या क्रमाविषयी आणि त्यांच्यामधल्या अंतराविषयी आहे. तो क्रम बदलायला बहुतेक ठिकाणी पैसा लागत नाही. लागते ती थोडी माहिती, आणि 'आमच्याकडे असेच चालते' हे वाक्य गिळायची तयारी.

आपल्याकडे कष्टाळू माणसाचे कौतुक करताना 'त्याने रात्रीचा दिवस केला' असे म्हणतात. निवृत्तीच्या समारंभांत मी हे वाक्य ऐकले आहे, भाषणात वापरलेही आहे. कौतुकापुरते ते ठीक. पण शरीरात रात्रीचा दिवस होत नाही, हे मला एका वहीने दाखवले.

मी नियंत्रण कक्षात होतो. दर तासाला मापकांवरचे आकडे लॉगबुकात उतरवायचे. सलग सहावी रात्र होती. सकाळी रिलीव्हर आला, त्याने वही चाळली आणि बोट ठेवून विचारले, "चारचे आणि पाचचे रीडिंग अगदी सारखे कसे?" पाहिले तर दोन्ही ओळींत सगळेच्या सगळे आकडे तंतोतंत तेच. दशांशचिन्हापुढचेसुद्धा. अक्षर माझे, सही माझी. आणि पाचची ओळ लिहिल्याचे मला काही केल्या आठवेना. मी झोपलो नव्हतो. खुर्चीत ताठ बसलो होतो, डोळे उघडे होते, असे शेजारचा सहकारी शपथेवर सांगत होता. त्या रात्री काही बिघडले नाही, हे नशीब. आज मला माहीत आहे की अशा वेळी मेंदू काही सेकंद परस्पर झोपून घेतो, डोळे उघडे ठेवून. तेव्हा मात्र मला एवढेच वाटले की आपण कमी पडलो. पुढची कित्येक वर्षे मला तसेच वाटत राहिले.

शरीरात घड्याळ आहे हे पहिल्यांदा सुचवले ते एका रोपाने. लाजाळूसारख्या वनस्पतीची पाने दिवसा उघडतात, रात्री मिटतात. १७२९ मध्ये ज्याँ-जाक द मॅराँ या फ्रेंच खगोलशास्त्रज्ञाने असे एक रोप अंधारात ठेवले. सूर्य दिसत नसतानाही पाने आपल्या वेळेला उघडत राहिली. कोंबडे झाकले म्हणून तांबडे फुटायचे राहत नाही, असे आपण म्हणतो. इथे तांबडेच झाकले होते आणि कोंबडे तरीही वेळेवर आरवत होते.

माणसाच्या बाबतीत हा प्रयोग मिशेल सिफ्र या तरुण फ्रेंच भूगर्भशास्त्रज्ञाने १९६२ मध्ये स्वतःवर केला. आल्प्समधल्या एका बर्फाळ गुहेत तो घड्याळाशिवाय दोन महिने राहिला. १४ सप्टेंबरला तो बाहेर आला तेव्हा त्याच्या हिशेबाने २० ऑगस्ट चालू होता. एकेका सेकंदाला एक अशा गतीने १२० पर्यंत मोज म्हटले, तर त्याला पाच मिनिटे लागत. मनाचा हिशेब इतका बिनसला होता. पण तो उठला की, झोपायला गेला की वरच्या लोकांना फोनवरून कळवत असे, आणि त्या नोंदी मांडल्यावर दिसले की त्याचे शरीर सुमारे साडेचोवीस तासांचा दिवस नेमाने पाळत होते. मन चुकले, शरीर चुकले नाही. तक्ता लावताना आपण नेमके उलटे धरून चालतो : मनाची तयारी असली की शरीर मागोमाग येईल.

नंतर प्रयोगशाळांत, उजेडावर कडक नियंत्रण ठेवून, हे मोजमाप जास्त नेटके झाले. चार्ल्स साइस्लर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या मोजणीत माणसाच्या आतल्या घड्याळाचा फेरा सरासरी २४ तास ११ मिनिटांचा भरला. ही जास्तीची अकरा मिनिटे लक्षात ठेवा, पुढे लागणार आहेत.

हे घड्याळ मेंदूच्या तळाशी असते, दोन्ही डोळ्यांच्या नसा एकमेकींना ओलांडतात त्या जागेच्या लगेच वर. सुमारे २०,००० पेशींचा पुंजका. १९७२ मध्ये संशोधकांनी उंदरांमधला हा पुंजका नष्ट केला, तेव्हा त्यांच्या हालचालींचा दिवसरात्रीचा ताल विस्कटून गेला. पेशीच्या आत चालते ते असे : एक जनुक प्रथिन बनवते, प्रथिन साचत जाते, पुरेसे साचले की आपल्याच जनुकाला गप्प बसवते, मग हळूहळू विघटित होते आणि जनुक पुन्हा बोलू लागते. या फेऱ्याला साधारण एक दिवस लागतो. त्या जनुकाचा पत्ता रोनाल्ड कोनोप्का आणि सीमोर बेंझर यांना १९७१ मध्ये फळमाशीत लागला, आणि पुढची यंत्रणा उलगडल्याबद्दल जेफ्री हॉल, मायकेल रॉसबॅश आणि मायकेल यंग यांना २०१७ चे नोबेल मिळाले. फळमाशी आणि शिफ्ट इनचार्ज यांच्यात ही यंत्रणा तत्त्वतः एकच आहे. हे सांगताना मला का कोण जाणे, थोडे बरे वाटते.

आता तक्त्याशी थेट संबंध येतो तो उजेडाचा. घड्याळ रोज जरासे मागे पडते आणि रोज उजेड ते जुळवून देतो. डोळ्याच्या पडद्यात काही पेशी अशा आहेत की त्यांचे मुख्य काम पाहण्याचे नाही. निळसर उजेड किती आहे एवढे मोजून त्या थेट त्या पुंजक्याला कळवतात. संध्याकाळचा आणि पूर्वरात्रीचा उजेड घड्याळ मागे ढकलतो, पहाटेनंतरचा आणि सकाळचा उजेड पुढे ओढतो. आता नाईट उतरून सात वाजता घरी निघालेला माणूस डोळ्यांसमोर आणा. आठ तास त्याने कक्षातल्या दिव्यांखाली काढले, तो उजेड बाहेरच्या दिवसाच्या मानाने अगदीच फिका. आणि घरी जाताना सूर्य थेट तोंडावर. त्याच्या घड्याळाला आलेला सगळ्यात ठळक निरोप कोणता? सकाळ झाली, उठ. तो अंथरुणावर पडतो तो या निरोपानंतर.

म्हणून 'सवय होईल' हे आपले आवडते आश्वासन खोटे ठरते. सायमन फोकार्ड यांनी २००८ मध्ये कायम रात्रपाळी करणाऱ्यांवरचे अभ्यास एकत्र करून पाहिले. ज्यांचे घड्याळ पूर्णपणे रात्रीशी जुळले होते असे ३ टक्क्यांहून कमी निघाले. बऱ्यापैकी जुळलेलेसुद्धा चौघांत एकाहून कमी. आणि हे कायम रात्रपाळीचे लोक. दर आठवड्याला पाळी बदलणाऱ्यांची तर गोष्टच सोडा. सवय होते ती थकव्याची. आपण किती थकलो आहोत हे कळेनासे होते, त्याला लोक सवय म्हणतात.

उजेडाखेरीज आणखीही खुणा असतात. मदुराईचे संशोधक एम. के. चंद्रशेखरन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गुहेतल्या वटवाघळांवर काम केले. काळोख्या गुहेत पिंजऱ्यात एकटे ठेवलेले वटवाघूळ आपल्या आतल्या वेळेने वाहवत जाई. पण त्याच गुहेत इतर वटवाघळे रोज संध्याकाळी बाहेर उडत आणि पहाटे परतत असली, तर त्यांच्या ये-जा करण्यावरून पिंजऱ्यातले वटवाघूळही वेळ जुळवून घेई. मला हे वाचून दिवसा झोपायचा प्रयत्न करणारा रात्रपाळीचा माणूस आठवला. बंद दारापलीकडे घर जागे असते. भांडी वाजतात, मुले शाळेतून येतात, फोन येतो. आणि सगळ्यांत वाईट म्हणजे तो फोन बहुधा आपणच केलेला असतो. दुपारी दोन वाजता, 'एक मिनिट, जरा विचारायचं होतं' म्हणून.

तरी झोपेचे ओझे असताना दिवसाही झोप लागायला हवी, असे वाटते. लागते. पण टिकत नाही. जितके जागे राहाल तितका झोपेचा दाब वाढतो, हा एक हिशेब. आणि घड्याळ ठराविक वेळी जागे राहायचा जोर लावते, हा दुसरा. रात्री दोन्ही एका बाजूला असतात. दिवसा चार तास झोप झाली की दाब निम्मा उतरतो, घड्याळ मात्र दुपारच्या जोरात असते, आणि माणूस बाराला टक्क जागा होतो. 'भुकेला कोंडा आणि निजेला धोंडा' ही म्हण एका वरिष्ठाने मला ऐकवली होती : खरा दमलेला माणूस धोंड्यावरही झोपेल. बरोबर आहे, धोंड्यावर झोपेल. बाराला उठेल.

मेंदूतल्या पुंजक्याला मी मुख्य घड्याळ म्हणेन, कारण यकृत, स्वादुपिंड, हृदय, आतडी यांचीही आपापली घड्याळे आहेत. मेंदूतले घड्याळ उजेडाकडे पाहते, यकृताचे जेवणाच्या वेळेकडे. मध्यरात्री तीनला डबा उघडला की यकृताला दिवस झाल्याचे कळते आणि मेंदूला रात्र असल्याचे. एकाच शरीरात दोन गावांच्या वेळा चालू होतात. २००९ मध्ये फ्रँक शेअर आणि सहकाऱ्यांनी दहा जणांना प्रयोगशाळेत २८ तासांचा 'दिवस' जगायला लावला, म्हणजे काही दिवसांत त्यांचे झोपणे-खाणे आतल्या घड्याळाच्या बरोबर बारा तास उलटे आले. त्या अवस्थेत इन्शुलिन जास्त स्रवत असूनही रक्तातली साखर वाढली, रक्तदाब वाढला, पोट भरल्याची खूण देणारे लेप्टिन घटले. दहांपैकी ज्या आठ जणांच्या पुरेशा नोंदी मिळाल्या, त्यांतल्या तिघांची जेवणानंतरची साखर मधुमेहाच्या उंबरठ्यावर गेली. हे लोक आजारी नव्हते आणि त्यांनी काही जास्त खाल्लेले नव्हते. फक्त वेळ चुकली होती.

वर्षानुवर्षे अशी वेळ चुकत राहिली की काय होते, याचे मोजमाप मोठ्या लोकसमूहांवर झाले आहे. पाळीत काम करणाऱ्यांत टाईप टू मधुमेह आणि हृदयविकार जास्त आढळतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २००७ मध्ये आणि पुन्हा २०१९ मध्ये रात्रपाळीला 'बहुधा कर्करोगकारक' या २अ गटात ठेवले. या शब्दांनी घाबरून जाऊ नका आणि हसूही नका. हा गट पुरावा किती भक्कम आहे ते सांगतो. धोका किती मोठा आहे ते सांगत नाही. रात्रपाळी केली म्हणजे कर्करोग झालाच, असा त्याचा अर्थ काढणारा माणूस आणि 'सगळ्यानेच कर्करोग होतो हो' म्हणणारा माणूस, दोघेही मला सारखेच वाटतात.

पहाटे चारची गोष्ट मात्र वेगळी. तिथे वर्षे लागत नाहीत. पहाटे चार-पाचच्या सुमारास शरीराचे तापमान दिवसातले सर्वांत कमी असते, शरीराला रात्रीची खूण देणारे मेलॅटोनिन हे संप्रेरक भरपूर असते, आणि लक्ष, प्रतिक्रियेचा वेग, हिशेब करण्याची कुवत, सगळे तळाला गेलेले असते. त्यात दिवसभर झोप झालेली नसेल तर पाहायलाच नको. १९९७ मध्ये ड्रू डॉसन आणि कॅथरिन रीड यांनी दाखवले की सलग १७ तास जागलेल्या माणसाची कामगिरी रक्तात ०.०५ टक्के अल्कोहोल असलेल्या माणसाइतकी खालावते. पुष्कळ देशांत गाडी चालवण्याची कायदेशीर मर्यादा तीच आहे. पहिल्या नाईटला येणारा माणूस सकाळी सातला उठलेला असतो, दुपारी त्याला झोप लागलेली नसते, आणि मध्यरात्रीच त्याचे सतरा तास भरतात. त्याच्या पाळीचे मोठे काम अजून व्हायचे असते. थ्री माईल आयलंडची अणुदुर्घटना २८ मार्च १९७९ ला पहाटे चार वाजता सुरू झाली, चेर्नोबिलचा स्फोट २६ एप्रिल १९८६ ला रात्री १ वाजून २३ मिनिटांनी झाला, भोपाळची वायुगळती २ आणि ३ डिसेंबर १९८४ च्या मधल्या रात्री झाली. या दुर्घटनांची कारणे निराळी आणि गुंतागुंतीची आहेत, त्यांत रचनेचे दोष आहेत, बंद ठेवलेल्या सुरक्षायंत्रणा आहेत; झोपेवर सगळे ढकलणे हा लबाडपणा होईल. पण यंत्र बिघडते तेव्हा समोरच्या माणसाचे डोके कोणत्या तासाला आहे, हा प्रश्न तक्ता लावणाऱ्याने तरी विचारायला हवा.

आता ती अकरा मिनिटे.

घड्याळ चोवीस तासांहून थोडे लांब असल्यामुळे शरीराला उशिरा झोपणे सोपे जाते, लवकर झोपणे अवघड. विमानाने पश्चिमेला गेलेला माणूस लवकर सावरतो आणि पूर्वेला गेलेला जास्त दिवस रखडतो, ते यामुळेच. पाळ्यांचेही तेच. सकाळ, मग दुपार, मग रात्र असा क्रम लावला तर माणूस दर वेळी पश्चिमेला जातो. रात्र, मग दुपार, मग सकाळ असा लावला तर दर वेळी पूर्वेला. मी नऊ वर्षांपैकी सात वर्षे उलटा तक्ता लावला. माझ्याआधी जो लावायचा त्याचा तसाच होता, आणि खरे सांगायचे तर लोकांनाही तो हवा होता. उलट्या फेऱ्यात पाळ्या एकमेकींच्या जवळ सरकतात आणि शेवटी सलग मोठी सुट्टी साठते. ती सुट्टी सगळ्यांना दिसते. तिच्याआधीचे तीन आठवडे कोणी मोजत नाही. सुट्टीचा पहिला दीड दिवस झोपण्यात जातो, तोही कोणी मोजत नाही. तेव्हा क्रम बदलायला निघालात तर विरोध कामगारांकडूनच होईल, याची तयारी ठेवा. आमच्याकडे झाला. तीन महिने करून पाहू, नको वाटले तर परत फिरवू, असे ठरले. परत फिरवायला कोणी आले नाही.

हे काही माझे संशोधन नव्हे. साइस्लर आणि सहकाऱ्यांनी १९८२ मध्ये अमेरिकेतल्या युटा राज्यातल्या एका खनिज प्रकल्पाचा अभ्यास प्रसिद्ध केला. तिथले कामगार दर आठवड्याला उलट्या क्रमाने पाळी बदलत होते. त्यांचा क्रम सुलटा केला आणि काहींची बदली आठवड्याऐवजी २१ दिवसांवर नेली. तब्येतीच्या तक्रारी कमी झाल्या, नोकरी सोडून जाणारे घटले, उत्पादन वाढले. त्याच लोकांनी, त्याच यंत्रांवर. क्रम किती दिवसांनी बदलावा याबद्दल जाणकारांत आजही दोन तट आहेत : काहींना दोन-दोन दिवसांनी भराभर बदललेले बरे वाटते, म्हणजे घड्याळ हलायच्या आतच रात्री संपतात; काहींना तीन आठवडे. माझे मत पहिल्या बाजूचे आहे. पण आठवडा हा दोन्हींच्या मधला, सगळ्यांत वाईट मुक्काम, कारण शरीर जुळवून घ्यायला निघते आणि अर्ध्या वाटेत तुम्ही त्याला परत बोलावता. दिशेबद्दल मात्र वाद ऐकला नाही.

दुसरी गोष्ट दोन पाळ्यांमधल्या अंतराची. दुपारची पाळी रात्री अकराला संपली आणि सकाळची सातला लागली, की तक्त्यावर आठ तास विश्रांती दिसते. त्यातून घरी जाणे, जेवण, अंग टेकणे, डोळा लागणे, उठणे, आवरणे, परत येणे वजा करा. साडेचार तास राहिले तर पुष्कळ. युरोपीय संघाच्या नियमात चोवीस तासांत सलग ११ तास विश्रांती आहे. तो नियम आपल्याला लागू असो नसो, तो आकडा चौकटीत भरून पाहायला कोणी अडवलेले नाही.

सकाळची पाळी आपण सगळे सोपी धरतो. पाचला किंवा सहाला सुरू होणारी असेल तर ती सोपी नसते. 'मग लवकर झोपायचं' हा सल्ला मी शेकडो वेळा दिला असेल. नेहमीच्या झोपेच्या आधीचे दोन-तीन तास असे असतात की त्या वेळात घड्याळ झोप जवळजवळ येऊच देत नाही; इस्रायलचे पेरेत्झ लावी यांनी १९८६ मध्ये हे दाखवून दिले. अकराला झोपणारा माणूस आठला आडवा झाला तर कूस बदलत पडून राहतो, आणि साडेतीनचा गजर मात्र आपल्या वेळेवर होतो. पाळी सहाऐवजी सातला सुरू केली तर तो एक तास जवळजवळ सगळाच्या सगळा झोपेत जमा होतो.

'लवकर निजे, लवकर उठे' हे आपल्या मनात इतके मुरलेले आहे की उशिरा झोपणारा आपल्याला आळशीच वाटतो. पण माणसांची घड्याळे उंचीसारखी कमी-जास्त असतात, त्यात जनुकांचा भाग असतो आणि वयाचाही. विशीतला माणूस उशिराकडे झुकलेला असतो, पन्नाशीनंतर तोच पहाटे आपोआप जागा होतो आणि रात्रपाळी त्याला जड जाऊ लागते. सर्वांना समान पाळ्या हा न्याय आहे असे मी बरीच वर्षे समजत होतो. मग एकदा साधा कागद फिरवला : कोणती पाळी तुम्हाला त्यातल्या त्यात कमी त्रासाची वाटते? उत्तरे एकसारखी येतील अशी माझी खात्री होती. तिघांनी रात्र लिहिली. खरोखर. त्यांना मी सकाळी सहाला बोलावत होतो.

आता जे लिहायचे लांबवत होतो ते. एके पहाटे साडेचारला फेरी मारताना मला एक जण खुर्चीत झोपलेला आढळला. मी त्याला उठवले, आणि सकाळी मेमो दिला. 'कर्तव्यावर असताना निद्रिस्त आढळून आलात', असे छापील वाक्य असते, त्यात नाव आणि वेळ भरली. त्याने काही वाद घातला नाही. काही महिन्यांनी जुने तक्ते काढायची वेळ आली तेव्हा मला दिसले की ती त्याची सलग सातवी रात्र होती, आणि मधल्या एका दिवशी सकाळी अकराला आम्ही त्याला प्रशिक्षणासाठी बोलावले होते. मेमोवर सही माझी होती. तक्त्यावरही माझीच.

त्याची मी नंतर माफी मागितली. मेमो मात्र त्याच्या फाईलमध्ये राहिला. तो काढायचा अधिकार मला नव्हता.

चोरून झोप घेतली जाते ती सगळ्यांत धोक्याची, कारण कोण जागे आहे हे कोणालाच माहीत नसते. उघड आणि ठरवून दिलेली डुलकी ही दुसरी गोष्ट. नासाने वैमानिकांवर केलेल्या अभ्यासात लांब उड्डाणांत आळीपाळीने ४० मिनिटे विश्रांतीची मुभा दिली. ते सरासरी २६ मिनिटे झोपले, आणि उतरण्याच्या वेळी न झोपलेल्यांपेक्षा बरेच सावध होते. विमानाच्या कॉकपिटमध्ये जे चालते ते आपल्या नियंत्रण कक्षात शिस्तीचा भंग ठरते, याचे कारण मला अजून कोणी पटवून दिलेले नाही. एक अट आहे : उठल्यानंतर दहा-पंधरा मिनिटे डोके जड असते, त्या वेळात त्याच्या हाती काम देऊ नका.

रुग्णालयांचे तक्ते लावणाऱ्यांना वेगळे सांगतो, कारण तुमच्याकडे चोवीस-तीस तासांच्या ड्युट्या अजून अभिमानाने सांगितल्या जातात. २००४ मध्ये अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात अतिदक्षता विभागातल्या शिकाऊ डॉक्टरांच्या लांबलचक ड्युट्या काढून टाकल्यावर काय होते ते पाहिले. जुन्या पद्धतीत त्यांच्या हातून गंभीर चुका ३६ टक्के जास्त होत होत्या. 'आम्हीही असेच शिकलो' हे उत्तर मला ठाऊक आहे. माझ्या लॉगबुकातल्या पाचच्या ओळीनंतर मीही तेच म्हणत असे.

आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेचा १९९० चा रात्रकामाविषयीचा करार, क्रमांक १७१, एकदा उघडून वाचा. रात्रपाळी करणाऱ्याने मागितली तर विनामूल्य आरोग्यतपासणी, आणि रात्रीसाठी अयोग्य ठरला तर शक्य तिथे त्याच तोडीचे दुसरे काम, असे त्यात आहे. 'अयोग्य' हा शब्द मला खुपतो, पण तरतूद चांगली आहे. आपल्याकडे रात्र झेपत नाही असे सांगणारा माणूस कामचुकार ठरतो, म्हणून तो सांगत नाही, साखर वाढेपर्यंत.

तर पुढचा तक्ता लावायला बसाल तेव्हा एवढे करा. क्रम सकाळ-दुपार-रात्र असा फिरवा. सलग रात्री तीनच्या पुढे नेऊ नका. चौथी लागलीच तर तिच्यानंतर दोन दिवस रिकामे सोडा, आणि नाईट उतरल्याचा दिवस सुट्टीत धरू नका, तो सुट्टी नसतो. नाईटच्या लोकांना सकाळी बैठकीला, प्रशिक्षणाला, सहीला बोलावू नका. दुपारी फोन करू नका. ज्याला फोन करावासा वाटतो त्याच्याजवळ हँडओव्हरची वही असते. कक्षात पूर्वरात्री दिवे प्रखर ठेवा, पहाटेकडे जरा मंद करता आले तर करा. कठीण आणि जोखमीची कामे तीन ते पाचच्या बाहेर काढा. आणि सकाळी जो स्वतः गाडी चालवत घरी जाणार आहे त्याला अर्धा तास पडायला जागा द्या, कारण त्याच्या पाळीतला सगळ्यात धोक्याचा भाग गेटबाहेर सुरू होतो.

महिनाअखेर जवळ आली आहे, कागद तुमच्यासमोर असेल. पेन्सिलीनेच भरा, म्हणजे खोडता येईल.

आपला,
एक निवृत्त तक्तेवाला

ता. क. : कॉफीचा प्रश्न कोणीतरी विचारणारच. कॅफिन चालते, पण पाळीच्या सुरुवातीला. शरीरातले निम्मे उतरायला साधारण पाच तास लागतात. पहाटे चारला डोळे उघडे राहावेत म्हणून प्यायलेला कप सकाळी नऊला, पडदे ओढून पडल्यावर, अर्धा शिल्लक असतो. कॉफीचे यंत्र कक्षाच्या दाराशी लावले असेल तर त्यावर एवढे लिहून चिकटवा. आमच्याकडे चिकटवले होते. पहिल्याच रात्री कोणीतरी त्याखाली पेनाने लिहिले, 'मग डुलकी मंजूर करा.' म्हणूनच ती झाली.